बुरुलचा बेस

डोंगरातल्या नारीन गावातल्या एका लग्नात वऱ्हाडी नाचायला उभे राहिले, पण बँडचा बेस गिटारवाला एर्मेक घाटातल्या बर्फात अडकलेला. गिटारवाल्या कुबातनं कपाळाला हात लावला. त्याची थोरली बहीण बुरुल नुकतीच त्याच्याकडे बेस शिकायला लागलेली; बोटांवरचे फोडही ओले होते. तिनं सरळ स्टेजवर ठेवलेला बँडचा बेस गळ्यात अडकवला. "ताई, तुला दोनच स्वर येतात! हसं होईल माझं." "दोनच, पण पक्के. तू वाजव." तिनं जाड तार छेडली आणि पायाखालची जमीन घुमली. म्हातारेकोतारेही नाचू लागले. जोशात कुबात अवघड तान घ्यायला गेला आणि ठेका चुकला. बुरुल तसूभरही हलली नाही; तिचेच स्वर धरून तो मुकाट ठेक्यावर आला. एवढ्यात एर्मेक धापा टाकत येऊन बेस मागू लागला. वाजवता वाजवताच कुबात म्हणाला, "घाई कसली? आधी पोटभर जेवून घे."