सरांनाच परवानगी नाही

सरांचा पासवर्ड बरोबर होता, तरी स्क्रीनवर पुन्हा तेच आलं: ‘परवानगी नाही.’

वृंदाला गंमत वाटली. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका ज्या सर्व्हरवरून परीक्षा केंद्रांना जातात, तो पारखे सरांनीच उभा केलेला. आज त्यावर नवे नियम लावले तेही त्यांनीच, आणि तपासायला तिला बसवलं. केंद्रांना फाइल ठरल्या वेळी मिळत होती. सर्व्हर अडवत होता तो फक्त सरांना.

“सर, तुम्हीच कसे बाहेर राहिलात? चुकून झालं असेल, काढू का?”

“चुकून नाही. आता नियम बदलायचा नवा पासवर्ड तुम्हीच ठरवून टाका. मला सांगू नका.”

आणि सर चक्क भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इतकी वर्षं सगळ्या किल्ल्या बाळगणारा माणूस! तिने पासवर्ड टाकला, पण तिला राहवेना.

“असं का पण, सर?”

सरांनी खिशातून याच परीक्षेच्या हॉल तिकिटाची झेरॉक्स काढली. नाव होतं सानिका पारखे.

“लेक माझी. दोनदा राहिलाय हा पेपर,” सर म्हणाले. “ती कधी काही विचारायची नाही हो. भीती मला माझीच वाटते.”