बुवांचं थांबणं

या, जरा पुढे सरकून बसा, एक आख्यान ऐकवतो.

निवर्तलेले कीर्तनकार सदूबुवा मन आणि आवाजानिशी देवळातल्या यंत्रात नांदत होते. यंत्राबरोबरच आलेला जुना वेब सर्व्हर त्यांचं कीर्तन घरोघर पोचवी. पद संपलं की बुवा थांबत. घरून त्यांच्या पत्नी कुमुदकाकू पालुपद उचलत आणि ते बुवांना ऐकू जाई.

"आज नवा सर्व्हर," देवळाचे सचिव आठल्ये काकूंवर गुरकावले. "यात घरचे आवाज परत येत नाहीत. कीर्तन झटपट उरकतं."

"आणि माझं पालुपद?" काकूंनी विचारलं.

"तुमचं रडगाणं कुणाला हवंय?"

"मेल्या, त्यात माझा संसार आहे!"

आठल्यांनी जुना बंद करून नवा चढवला. संध्याकाळी बुवा तस्सेच गायले. काकूंनी सूर लावला, तोवर पुढचं पद सुरू झालं होतं.

"अहो, थांबा ना!"

बुवा थांबले नाहीत. इतके दिवस थांबत होता तो जुना सर्व्हर; घरचा आवाज परत येईपर्यंत तोच पुढचं पद रोखून धरी.

बाबांनो, पालुपदाशी आलात की काकूंना आठवा, आणि क्षणभर थांबा.