चौदा नंबरचं पोर्ट

कंपनीच्या नेटवर्कची माझी रोजची कामं आमच्याच सर्व्हरवरचा एआय सहायक सोपी करायचा. शुक्रवारी त्याने केबल जोडायच्या एका जागेबद्दल, म्हणजे पोर्टबद्दल, विचारलं, “चौदा नंबरचं पोर्ट अकरा महिने शांत आहे. बंद करू? केबल कुठे जाते ते आधी बघून या.” दोन जिने चढायचा कंटाळा आला, मी ‘कर’ लिहिलं. शनिवारी सुट्टी होती. साफसफाईच्या मावशी लिफ्टमध्ये अडकल्या. लिफ्टमधला मदतीचा फोन त्याच पोर्टवर होता. अकरा महिन्यांत कुणी अडकलंच नव्हतं, म्हणून तो शांत होता. चार तासांनी वॉचमनला कळलं, त्याने मला बोलावून घेतलं. आम्ही दार उघडलं तेव्हा त्या बादली पालथी घालून बसल्या होत्या, रिसीव्हर हातातच. “किती हाका मारल्या रे! पलीकडे हूं की चूं नाही.” “फोन बंद होता, मावशी.” “असू दे. मशीनच ते, दगा देणारच. तुझा काय दोष?” मी मान डोलावली.