दिसतं तेवढंच

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला, तरी सहावीतली ती मुलगी जागची हलली नाही. बाई तिच्या बाकापाशी गेल्या.

"डबा नाही खायचा?"

मुलीने बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सरकवली. दंडावर चार बोटांचे वळ होते, काळेनिळे.

"कोणी?"

"बाबांनी," एवढंच म्हणून ती रडायला लागली. बाईंनी तिचा दंड हातात धरून उजेडाकडे वळवला. वळाखाली आणखी एक जुना वळ होता. त्यांनी बाही खाली ओढली, बटण लावून दिलं.

शाळा सुटल्यावर शिक्षकखोलीच्या दाराशी मुलीचे वडील उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल. मुलगी त्यांच्या मागे, नजर जमिनीकडे.

"बाई, दोन मिनिटं. मधल्या सुट्टीत काय झालं?"

"काही नाही. तिला अपूर्णांक जमत नव्हते."

"अपूर्णांकांसाठी कोणी एवढं रडतं का?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. याच वर्षी वर्गावर्गात कॅमेरे बसले होते आणि आपल्या मुलाचा वर्ग, मागच्या चित्रणासकट, पालकांना घरबसल्या मोबाइलवर दिसायचा. मागच्या वर्षी एका सरांनी पोराचं डोकं भिंतीवर आपटलं होतं आणि सरळ कानांवर हात ठेवले होते. तेव्हापासून, वर्गात कॅमेरे बसवा म्हणून बाईच हात धुऊन मागे लागल्या होत्या.

"पालकसभेत तुम्ही काय बोललात, माझ्या अजून लक्षात आहे," वडील हसून म्हणाले. "ज्याला लपवायचं नाही, त्याने कॅमेऱ्याला कशाला घाबरायचं. मी तर टाळ्या वाजवल्या होत्या."

पडद्यावर मुलगी पाठमोरी होती. दंड दिसत नव्हता. बाईंचा चेहरा मात्र स्वच्छ दिसत होता, कपाळाला आठ्या पडलेला.

"यात आवाज येत नाही. दिसतं तेवढंच. तुम्ही तिचा दंड घट्ट धरलाय आणि ती रडतेय." त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "उद्या तिच्या दंडावर काही निघालं, तर नाव कोणाचं येईल? तुमची काळजी वाटली, म्हणून सांगितलं हो."

ते मुलीच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. बाई तशाच वरच्या मजल्यावर मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या आणि घडलं ते सगळं त्यांना सांगितलं.

मुख्याध्यापिकांनी ते चित्रण दोनदा लावून पाहिलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण हे बाहेर गेलं तर लोक जे दिसतंय तेच धरून बसतील. मुलीने एकदा माझ्यासमोर तोंड उघडू दे. मग मी कोणाच्या बापाला भीत नाही."

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. दोन्ही बाह्यांची बटणं लावलेली होती. बाईंनी सबंध तास जीव मुठीत धरून शिकवलं. मुलं खेळायला पळाल्यावर त्यांनी तिला कपाटाच्या आड बोलावलं. तो कोपरा कॅमेऱ्यात येत नाही, असं त्यांना वाटत होतं.

"माझ्याबरोबर वर चल. आपल्या मुख्याध्यापिकांना फक्त एकदा सांग. मी असते शेजारी."

मुलगी बाहीचं बटण चाचपत राहिली. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला, तशी ती दोन पावलं मागे सरकली.

"हात नका लावू, बाई," ती हळूच म्हणाली. "इथलंही दिसतं. बाबांनी काल दाखवलं मला. तुम्ही सापडाल."