नवरीच्या बापाचं वर्णन

"चेहरा काढणारे सर हायेत का?" जाईबाईंनी चौकीत पाऊल टाकताच विचारलं.

हवालदार जयप्रकाशांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "काय झालं मावशी?"

"आमच्या बोनकोड्यात उत्कर्षाची चेन वढली, तवा तिच्या नुसत्या बोलन्यावरून त्या सरांनी चोर काढला. अगदी हुबेहूब! तसा माज्या मालकाचा चेहरा काढून पाहिजे."

"हरवलेत?"

जाईबाईंनी शेजारच्या लेकीकडं पाहिलं आणि मान हलवली. "रविवारी हिचं लगीन हाय, सायेब. हॉल घेतलाय, पत्रिका वाटल्यात. त्याच्या आत पाहिजेत. बापाबिगर उभी र्‍हानार न्हाई म्हनते."

खरं तर अशा तक्रारीत आधी कधी, कुठं, कसं ते विचारायचं असतं. पण श्यामसुंदर सर दुसऱ्या केसचं चित्र देऊन निघालेच होते; शाळेत त्यांचा चित्रकलेचा तास होता. जयप्रकाशांनी त्यांना दारातूनच मागं फिरवलं. म्हटलं, आधी चेहरा होऊ दे, बाकीचं नंतर.

"मोबाइलमध्ये एकही फोटो नाही?" त्यांनी मुलीला विचारलं.

"नाही," संघमित्रा म्हणाली.

"कमाल आहे बुवा! स्वतःचे रोज पन्नास काढत असशील, आणि बापाचा एक नाही?"

संघमित्राचा चेहरा पडला.

"तिला नका बोलू," जाईबाई म्हणाल्या. "एकच व्हता. घरात पानी भरलं तवा पेटीसकट गेला."

सरांनी कागद लावला. जाईबाई सांगू लागल्या आणि सांगताना त्यांना एकदाही अडखळावं लागलं नाही. कपाळ रुंद. डाव्या भुवईत खाच, लहानपणी बैलगाडीवरून पडले होते. कान जरा बाहेर आलेले. खालचा ओठ जाड, रुसल्यावर आणखी जाड दिसायचा.

सर हसले. जाईबाईही हसल्या आणि लगेच त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

सरांनी त्यांच्याकडं एकदा बघून घेतलं, पन्नाशीचा अंदाज बांधला आणि डोळ्यांखाली चार रेघा ओढल्या. कानशिलावरचे केस थोडे विरळ केले.

"छे, छे! ह्ये पुसा," जाईबाई म्हणाल्या. "सुरकुत्या न्हाईत. आन् केस दाट, काळे."

"डाय लावतात वाटतं पाव्हणे!" जयप्रकाश म्हणाले. "मुलीच्या लग्नात मिरवायचं असणार."

"कंदीच न्हाई लावला," जाईबाई म्हणाल्या.

सरांनी मुकाट्यानं रबर फिरवलं. त्यांनी कागद संघमित्राकडं वळवला. "तू सांग बेटा. नाक असंच ना?"

ती कागदाकडं बघत राहिली. डोळे भरून आले होते. "आईला विचारा, सर."

आजकालच्या मुली! जयप्रकाशांना मनातून रागच आला. बाप बेपत्ता, लग्न तोंडावर, आणि हिला त्याचं नाक सांगता येत नाही.

"नाक बराबर हाय," जाईबाई म्हणाल्या. "फकस्त डोळे हसरे करा. कामावरून दमून आले तरी हसरेच असायचे."

सरांनी डोळ्यांच्या कडा जरा वर नेल्या. जाईबाईंचा हात एकदम तोंडावर गेला. जयप्रकाशांनी पाण्याची बाटली पुढं केली.

"ह्येच," त्या म्हणाल्या. "ह्येच हायेत."

जयप्रकाशांचा राग पळाला. "मावशी, अजिबात टेन्शन घेऊ नका. आता ग्रुपवर टाकतो, सगळ्या चौक्यांना जाईल. माझ्याही मुलीचं लग्न झालंय, मला कळतं. रविवारी तुमचे मालक हॉलमध्ये असतील, माझा शब्द." त्यांनी पेन उघडलं. "आता बाकीचं सांगा. घरातून गेले तेव्हा अंगावर काय होतं?"

"पांढरं," जाईबाई म्हणाल्या.

"शर्ट?"

जाईबाईंनी टेबलावरचा कागद दोन्ही हातांनी उचलून लेकीसमोर धरला.

"बघ गं मित्रा, ह्ये तुजे पप्पा. यांना अग्नी दिला तवा तू पोटात व्हतीस."