गार गाव

जिल्ह्यातल्या सगळ्या गावांचा उष्णता-निर्देशांक पन्नाशीला टेकला असताना एकट्या बोरझरीचा एक्केचाळीस, हे निरीक्षक कुमुदिनी ढोलेंच्या पचनी पडत नव्हतं. पन्नास ओलांडले की गाव सक्तीने उठवत. घरदार सुटू नये म्हणून कोणीतरी यंत्रात हात घातलाय, या संशयाने त्या न कळवता भर दुपारी येऊन धडकल्या.

मोजणीच्या पेटीचं सील शाबूत होतं. पण वर तीन काठ्यांच्या तिकाटण्याला मडकं टांगलेलं होतं आणि त्यातून पेटीवर थेंब थेंब पाणी गळत होतं.

"हे कोणाचं काम?" त्यांनी दरडावलं.

"माझंच," शेजारच्या अनसाबाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात महादेवाले गळती लावतो ना, तशी. बिचारी आपल्यासाठी उन्हात उभी राहते. अकरा वर्सं झाली."

याच अकरा वर्षांच्या आकड्यांवरून पुढच्या तीस वर्षांचं भाकीत निघालं होतं, आणि त्यावरून उठवलेली नऊ गावं इथंच वसवायचं ठरलं होतं.

तेवढ्यात वेशीवर पहिली बस थांबली. उतरणाऱ्या म्हाताऱ्याने कपाळावरचा घाम पुसत अनसाबाईंना विचारलं, "बाई, इथं गार असते म्हणे?"