मटणाचा टोप

अठ्ठ्याण्णव साली रणजितशेठच्या दुबईत जुमेऱ्यातल्या व्हिलात सिंहाचा छावा आला. मी त्यांचा रत्नागिरीचा खानसामा, त्यामुळे त्याला भरवायचं काम माझ्याकडे आलं. मी टोपावर पळी आपटली की तो बागेच्या टोकावरून मटणासाठी धावत यायचा. आयाळ फुटली तसे शेजारी घाबरले आणि शेठनी त्याला आफ्रिकेतल्या एका फार्मवर पाठवलं. "मोकळा फिरेल रे, हमदुल्ला, देवाची कृपा," म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात ते स्वतः तिकडे शिकारीला निघाले. "फार्मवाल्यांचं पॅकेज आहे, सिंह मिळण्याची गॅरंटी. तुझा तो टोप आणि पळी दे." शेठना 'कशाला' विचारायची माझी हिंमत नव्हती. टोप परत आला तो पोचा पडून. मागाहून कार्गोने सिंहाचं डोकं आलं आणि हॉलच्या भिंतीवर चढलं. आमच्या छाव्याच्या डाव्या कानाची ती फाटकी कड मी लगेच ओळखली. शेठ पाहुण्यांना रंगवून सांगायचे, "सरळ माझ्या अंगावर धावून आला!" मी चहाचा ट्रे फिरवत असायचो. तो कशासाठी धावला, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. काल नवा छावा आला. "यल्ला, चल, यालाही सवय लाव," शेठ म्हणाले, "याचं गिऱ्हाईक आधीच ठरलंय." मी बागेत बसून टोपावर पळी आपटली. छावा जागचा हलला नाही, माझ्या पाठीमागे हॉलच्या दाराकडे बघत राहिला. भिंतीवर तर नुसतं डोकं आहे. तरी संगमरवरी फरशीवर नखं वाजली, आणि तो आवाज धावत माझ्याकडे येऊ लागला.